होडी कोणाच्या नजरेसाठी?

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात स्टटगार्ट नावाचं गाव आहे. जर्मनीतून आलेल्या लोकांनी वसवलेलं आणि मायदेशातल्या शहराचंच नाव दिलेलं. आजूबाजूला सगळी भातशेती. जमीन सपाट, खाली चिकणमातीचा थर, त्यामुळे पाणी मुरत नाही. सुगी झाली की शेतकरी खाचरांत पाणी धरून ठेवतात, आणि उत्तरेकडे तळी गोठायला लागली की मॅलार्ड बदकांचे थवे या पाण्यावर उतरतात. सांडलेला दाणा खातात. शेजारच्या ओकच्या रानात पाणी चढलेलं असतं, तिथे झाडांखाली पडलेली फळं टिपतात. हिवाळाभर अख्खं गाव बदकांच्या नादात असतं. बदकांना साद घालण्याची स्पर्धा तिथे १९३६ पासून भरते.

या गावाजवळ दोन भाऊ राहत होते. वडील गेले तेव्हा जमिनीची वाटणी बिनतक्रार झाली. राहिली ती शिकारीची होडी. सोळा फुटी, सपाट तळाची, अ‍ॅल्युमिनियमची. तिकडे तिला जॉन बोट म्हणतात, उथळ पाण्यातही ती चालते. वडिलांनी तिला वाळलेल्या गवताचा रंग स्वतः दिला होता आणि दर वर्षी उडालेल्या जागी पुन्हा हात फिरवला होता. आता त्या रंगाला पोपडे आले होते आणि खालचा पत्रा चमकत होता. होडी दोघांत ठेवायची आणि तिला नव्याने लपवायची, इथपर्यंत एकमत झालं. कशाने लपवायची, यावर गाडी अडली.

थोरला म्हणाला, "रंग."

धाकटा म्हणाला, "व्हिनाइल."

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. रंगाचा डबा कोणत्याही दुकानात मिळतो. ओरखडा आला तर संध्याकाळी ब्रश फिरवला की झालं. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं. धाकट्याने व्हिनाइलचा नमुना आणून टेबलावर पसरला. त्यावर लव्हाळ्याचं पान न् पान छापलेलं होतं, सुकलेल्या कडा, मोडलेली देठं, मागची सावलीसुद्धा. "हे हाताने रंगवून दाखव," तो म्हणाला. थोरल्याला ते जमण्यासारखं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

वाद उन्हाळाभर चालला. शेवटी त्यांनी होडी उभी वाटून घेतली. डावी बाजू थोरल्याच्या रंगाची, उजवी धाकट्याच्या व्हिनाइलची. बदकं ज्या बाजूला उतरतील तो जिंकला. हरलेल्याने पुढच्या वर्षी आपली बाजू दुसऱ्याच्या पद्धतीने करून घ्यायची.

काम दोघांनीही मन लावून केलं, हे सांगायला हवं. अ‍ॅल्युमिनियमचं एक आहे. उघड्या पत्र्याला हवा लागली की त्यावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा थर लगेच धरायला लागतो आणि त्यावर रंग नीट पकड घेत नाही. म्हणून आधी तेलकटपणा काढायचा, मग पॉलिश पेपरने घासून पत्रा खरखरीत करायचा आणि फार वेळ न घालवता धातूला धरून बसणारा एचिंग प्रायमर मारायचा. थोरल्याने सगळं असंच केलं. फक्त नाकाकडचा भाग घासून होईतो अंधार पडला, म्हणून तिथला प्रायमर त्याने दुसऱ्या दिवसावर टाकला. मग मातकट रंगाचा हात, तो अगदी मॅट, आणि त्यावर पुठ्ठ्याची पानं कापून गडद तपकिरी, पिवळट, राखाडी असे फवारे.

धाकट्याच्या कामाची तऱ्हा वेगळी. त्याने पत्रा स्पिरिटने इतका पुसला की फडकं पांढरं राहायला लागलं. व्हिनाइल थंडीत ताठ होतं, म्हणून उबदार दिवस निवडला. मागचा कागद सोडवत, रबरी पट्टीने मधून कडेकडे हवा काढत तो पुढे सरकला. खरी कसोटी रिव्हेटांची. प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती फिल्म तंबूसारखी उभी राहते. तिथे सुईने टोचायचं, हॉट एअर गनने ऊब द्यायची आणि ती मऊ झाली की बोटाने गोल दाबत बसवायची. अशी रिव्हेटांची रांगच्या रांग. कडा शेवटी पुन्हा तापवायच्या, नाहीतर ताणलेली फिल्म हळूहळू मूळ आकाराकडे ओढली जाते आणि उचलते. पाणरेषेच्या खाली मात्र त्याने फिल्म नेली नाही. कायम पाण्यात राहिली की तिचा डिंक दगा देतो, हे त्याला ठाऊक होतं.

होडी अंगणात उभी राहिली तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले. उजव्या बाजूला हात लावून बघत होते, खरं गवत आहे की काय म्हणून. डाव्या बाजूचंही कौतुक झालं. दोघांची आत्या कठड्याला टेकून उभी होती. तिने भावाबरोबर याच होडीतून कितीतरी हिवाळे काढले होते. ती काही बोलली नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार बंद आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटेल. तिकडे ती कायद्याच्या चौकटीत चालते. एका दिवशी माणशी सहा बदकं, त्यांत मॅलार्ड जास्तीत जास्त चार. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला सरकारचं 'डक स्टॅम्प' घ्यावं लागतं. १९३४ साली ते एका डॉलरचं होतं, आज पंचवीस डॉलरचं आहे, आणि तो पैसा जवळजवळ सगळा पाणथळ जमिनी राखण्यासाठी जातो. म्हणजे जो बदक मारतो तोच त्याच्या तळ्याचे पैसे भरतो.

हंगाम सुरू झाला. दोघांनी होडी ओकच्या रानाच्या कडेला, उथळ पाण्यात लावली. समोर खोटी बदकं तरंगत सोडली. पहाट फुटली, वर पंखांचा आवाज आला, थोरल्याने साद घातली आणि थवा वळला. चकरा मारत खाली आला. पाय पुढे काढले, पंख आवरले, आणि ऐनवेळी उसळून सगळाच्या सगळा वर निघून गेला.

असं रोज व्हायला लागलं. धाकटा म्हणायचा, तुझ्या रंगाचे ढबळे ढबळे डाग बदकांना कळतात. थोरला म्हणायचा, तुझं छापील गवत ओलं झालं की चकाकतं. होडी फिरवून बघितली, डावी बाजू तिकडे, उजवी इकडे. बदकं बिथरायची ती बिथरायचीच. जानेवारीत पाण्यावर पातळ बर्फ धरला. तो फोडत जाताना व्हिनाइलची पुढची कड उचलली, आणि पाण्याखालच्या एका सायप्रसच्या खुंटावर हातभर पट्टी फाटून निघाली. थोरल्याला बरं वाटलं. त्याच आठवड्यात नाकाकडचा, रात्रभर उघड्या राहिलेल्या पत्र्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटला. धाकट्याला बरं वाटलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

संध्याकाळी आत्या म्हणाली, "उद्या होडी रानात नेऊ नका. भाताच्या कोठीजवळच्या खाचरात लावा. नेहमीसारखं सगळं सामान घ्या आणि नेहमीसारखेच बसा."

कोठी म्हणजे भात साठवायची पत्र्याची गोल उंच टाकी, बाहेरून चढायला शिडी. सकाळी ऊन तिरपं पडलं होतं. आत्याने धाकट्याला होडीत बसवलं आणि थोरल्याला शिडीवर पाठवलं.

"आता खाली बघ. काय दिसतं?"

थोरला बराच वेळ गप्प राहिला. वरून डावी बाजू दिसत नव्हती आणि उजवीही दिसत नव्हती. दिसत होती होडीची आतली बाजू. तिला दोघांपैकी कोणीच हात लावला नव्हता. उघडा पत्रा, त्यावर पेरभर साचलेलं पाणी आणि त्या पाण्यात लखलखणारं आभाळ. थर्मासचं स्टीलचं झाकण. पितळी बुडाची रिकामी काडतुसं. मागे इंजिनाचं काळं गुळगुळीत टोपण. काठाच्या दोन सरळ रेषा. त्या रानात इतकी सरळ रेषा दुसऱ्या कशाचीच नसते. आणि या सगळ्याच्या मधोमध, भाऊ काय सांगतोय हे ऐकायला वर उचललेला धाकट्याचा गोरा चेहरा.

"खाली ये," आत्या म्हणाली. "आता तू बस, त्याला चढू दे."

धाकट्याने वरून तेच पाहिलं. चेहरा तेवढा थोरल्याचा होता.

दोघे खाली उतरल्यावर आत्या म्हणाली, "ज्याच्या नजरेपासून लपायचं, त्याच्या जागी जाऊन एकदा तरी बघावं, बाळांनो. उन्हाळाभर तुम्ही होडीच्या बाजूला उभे राहून भांडलात. पाण्यावर बसलेल्या बदकाला बाजू दिसते, पण बसायचं की नाही ते बदक वरूनच ठरवतं."

मॅलार्डचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला पुढचं, मागचं आणि वरचंही दिसतं. चमक आणि हालचाल या दोन गोष्टी त्याला आधी खटकतात. पानाची नक्षी किती हुबेहूब आहे, हा प्रश्न फार नंतरचा. दोघा भावांना हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून वडिलांबरोबर गेलेली मुलं ती. पण एकदा वाद कोण बरोबर यावर गेला की बदक मागे पडलं, आणि कौतुक करणारे शेजारी पुढे आले. कष्टांत दोघेही कमी पडले नव्हते, म्हणून मला त्यांचं जास्त वाईट वाटतं. इतकी मेहनत, आणि ती चुकीच्या डोळ्यांसाठी.

त्यानंतर रंग की व्हिनाइल, याचा निकाल लावायला फारसा वेळ लागला नाही. होडीच्या तळावर चिखलाचे बूट फिरतात, काडतुसांच्या पेट्या घासतात, लॅब्रॅडॉर कुत्रा ओल्या पंजांनी उडी मारतो. तिथे फिल्म टिकणार नाही. तिथे रंगच, आणि पाय घसरू नये म्हणून ओल्या रंगावर बारीक कोरडी वाळू भुरभुरायची. पाणरेषेखालीही रंग. बाजूंवर जे आहे ते राहू द्यायचं, कारण दोन्ही पुरेसं चांगलं होतं. काठाच्या सरळ रेषा ना रंगाने मोडतात ना व्हिनाइलने. त्यासाठी रोज त्याच जागेवरचं गवत आणि ओकच्या डहाळ्या तोडून काठाला बांधायच्या. चेहऱ्यावर जाळी ओढायची, आणि थवा डोक्यावरून फिरत असताना वर बघायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड.

हंगामाचे थोडेच दिवस उरले होते आणि थंडीत रंग नीट वाळणार नव्हता. तेवढ्यापुरतं त्यांनी आत मातकट ताडपत्री अंथरली, थर्मास पिशवीत घातला, काठाला गवत बांधलं. थवे अजूनही कधी कधी बिथरायचे, पण उतरायलाही लागले. कोणत्या बाजूला उतरले, हे कोणी मोजलं नाही.

मार्चमध्ये होडी पुन्हा अंगणात आली. धाकट्याने स्वतःहून आतला पत्रा घासायला घेतला, आणि घासलेल्या भागाला प्रायमर लावल्याशिवाय तो जेवायला उठला नाही. थोरला इंजिन काढून बाकावर ठेवत होता. टोपण पुसता पुसता त्याने विचारलं, "तुझं ते व्हिनाइल उरलंय का रे थोडं?"

"कशाला?"

"या टोपणाला. यावर पाय पडत नाही, घासत काही नाही आणि वरून सगळ्यात जास्त हेच चमकत होतं. रंगापेक्षा तुझी फिल्मच बरी बसेल इथे. गोलाईवर चढवता येईल ना तुला?"

"येईल," धाकटा म्हणाला, "पण अजून गारठा आहे. एप्रिलमध्ये करू. तोवर तू याचं तेल साफ काढून ठेव, आणि काढलंस की मला दाखव."