दोन ओळी सोडून

गोडी छाटणी उरकली की दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात बुरशीवरची औषधं विकणाऱ्यांची वर्दळ वाढते. डाऊनीवर नवं आलंय, भुरीवर नवं आलंय. बागाईतदार ऐकून घेतो, बाटली हातात फिरवतो आणि ते औषध आधी दोन ओळींवर मारतो. शेजारच्या दोन ओळी मुद्दाम तशाच सोडतो. आठ दिवसांनी दोन्हीकडची पानं उलटी करून बघतो आणि मगच बाकीच्या बागेचं ठरवतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी त्याच्या शब्दावर कोणी अख्खी बाग लावत नाही.

माती परीक्षण, पाणी परीक्षण, देठ परीक्षण हे सगळं त्याच्याकडे फायलीला लावलेलं असतं. माल युरोपात जाणार असेल तर मण्यात औषधाचा अंश किती उरला याचाही प्रयोगशाळेचा कागद लागतो. घडातली साखर तो ब्रिक्समध्ये सांगतो. त्यालाच विचारा, तुमच्या रक्तातली साखर किती, एलडीएल किती? तो हसतो. "आपल्याला काय धाड भरलीय?"

माझा एक आतेभाऊ कादवेकाठी बाग करतो. वय अठ्ठेचाळीस, अंगाने काडी. मागच्या हंगामात विरळणी चालू असताना त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली, डावा हात जड पडला, दरदरून घाम फुटला. घरात एकमताने निदान झालं: पित्त. सोडा पाजला, ओवा चावायला दिला, कोणी म्हणालं नजर लागली, ती उतरवली. ग्रामीण रुग्णालय होतं, 108 ला फोन करता आला असता, पाच मिनिटांचा ईसीजी होता. चार तास गेले. नाशिकला नेऊन दोन स्टेंट टाकले, वाचला. नंतर मला म्हणतो, "मी काय जाड आहे का? मला कसा अटॅक?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची हयात याच कोड्यात गेली. ते मधुमेहाचे संशोधक, पण मधुमेह आणि हृदयविकार या एकाच घरातल्या जावा. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजून त्यांनी दाखवलं होतं की सरासरी 2.7 किलोचं आपलं बाळ इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळापेक्षा मांस-स्नायूंनी कमी असतं, चरबी मात्र त्यामानाने राखून असतं. ही चरबी, विशेषतः पोटातली, मुकाट पडून राहत नाही. ती रक्तात सूज पेटवणारी रसायनं सोडत राहते. गावातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासून 2008 मध्ये याज्ञिकांच्या गटाने जे छापलं, त्यात शहरी मध्यमवर्गीयांच्या रक्तात सुजेच्या खुणा गावकऱ्यांपेक्षा जास्त होत्या. आता आपल्या शिवाराकडे बघा. बांधापर्यंत मोटारसायकल जाते, फवारणी ट्रॅक्टरवर बसून होते. गाव दिंडोरीतच आहे, अंग मात्र कधीच शहरात राहायला गेलंय.

काटा रुतला की बोट सुजतं, हे आपल्याला माहीत आहे. धमनीचंही तसंच होतं. एलडीएलचे, म्हणजे घातक कोलेस्टेरॉलचे, कण तिच्या भिंतीत शिरतात, त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, गिळून फुगतात आणि तिथेच साचतात. ती जागा धुमसत राहते. एक दिवस वरचं पातळ कवच फाटतं, रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद. नळाला गंज चढून हळूहळू बुजावा तसं हे नसतं. म्हणून काल ट्रेडमिलवर पळालेला माणूस आज कोसळतो.

हे नुसतं सांगणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. अमेरिकेतल्या बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल रिडकर यांनी त्यासाठी कारकीर्द घातली. कोलेस्टेरॉल फारसं वाढलेलं नसतानाही झटका येतो, तो का? सीआरपी नावाचं प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं होतं. शरीरात कुठे सूज असली की यकृत ते रक्तात सोडतं. रिडकरांनी धडधाकट डॉक्टरांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं आणि 1997 मध्ये दाखवलं की पुढे ज्यांना झटका आला, त्यांचं सीआरपी आधीपासूनच चढं होतं. 2008 मध्ये 'ज्युपिटर' चाचणी आली. 17,802 माणसं, एलडीएल 130 च्या खाली, सीआरपी मात्र 2 किंवा त्याहून वर. निम्म्यांना स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. झटका, पक्षाघात आणि तत्सम घटना 44 टक्क्यांनी घटल्या. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

इथे हारतुरे घेऊन थांबता आलं असतं. पण स्टॅटिन एलडीएलही उतरवतं आणि सूजही. मग गुण कशाचा? एलडीएलला हात न लावता फक्त सूज उतरवणारं औषध हवं होतं. 10,061 रुग्णांवर तशी इंजेक्शनं देऊन बघितली. 2017 मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी एकदा दिलेल्या दीडशे मिलिग्रॅमच्या मात्रेने धोका 15 टक्क्यांनी कमी. कल्पना खरी ठरली, औषध मात्र महागडं, शिवाय जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग वाढलेले. हृदयासाठी त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली नाही. दरम्यान रिडकरांनी स्वस्तातलं, संधिवाताचं मेथोट्रेक्सेट घेतलं आणि 4,786 रुग्णांवर पारखलं. उपयोग शून्य. दोन ओळी सारख्याच निघाल्या. आणि तो निकालही त्यांनीच, स्वतःच्या नावाने, तितक्याच ठळकपणे छापला.

मला या माणसाच्या यशापेक्षा हे शेवटचं पान मोठं वाटतं. वीस वर्षं जी कल्पना उराशी धरली, तिच्याच बाबतीत 'हे औषध चाललं नाही' असं चारचौघांत सांगायचं! आपल्याकडे कोणत्या काढ्याच्या जाहिरातीत, कोणत्या महाराजांच्या सत्संगात, किंवा मोठ्या रुग्णालयाच्या फलकावर तरी, 'आमचा हा उपाय निष्फळ ठरला' असं ऐकलं-वाचलंय?

शंकेखोर म्हणतील, यात कंपन्यांचा पैसा होता. होताच. 'ज्युपिटर'चा खर्च ते स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीनेच केला आणि सीआरपी चाचणीच्या पेटंटवर रिडकरांचं नाव आहे. ते लपवलेलं नाही, निबंधातच जाहीर केलेलं आहे. म्हणून शंका घ्यावीच. इतर संशोधकांनी घेतली, जनुकांच्या अभ्यासातून तपासलं आणि सांगितलं की सीआरपी हा धूर आहे, आग दुसरीकडे आहे. शंका घ्यायची रीत ही. रात्री अकराला मोबाइलवर आलेला 'कोलेस्टेरॉल हे थोतांड' हा मजकूर पुढे ढकलणं म्हणजे शंका नव्हे. तो दुकानदार बदललेला आंधळा विश्वास आहे.

माझ्या आतेभावाने तेच केलं. तीन महिन्यांत रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद. कोणी तरी लिहिलं होतं की स्टॅटिनने अंग दुखतं, लिव्हर जाते. अंगदुखी काहींना होते, रक्तातली साखरही थोडी चढू शकते. त्यासाठी डॉक्टरांशी बोलायचं असतं. पण 2020 साली छापून आलेला लंडनमधला एक प्रयोग ऐका. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली साठ माणसं घेतली. वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने पोकळ गोळी, काही महिने काहीच नाही, आणि कोणत्या डबीत कोणती गोळी हे त्यांना ठाऊक नाही. स्टॅटिनवर जो त्रास झाला, त्यातला नव्वद टक्के पोकळ गोळीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, ते भीतीतून उगवलं होतं. माणसाने स्वतःच्याच अंगात दोन ओळी पाडून बघितल्या, असा हा प्रयोग.

आता एक मोह. श्रावण-भाद्रपदात आपल्या कुंपणांवर कळलावी फुलते, पिवळ्या-लाल ज्वाळेसारखी. तिच्यात कोल्चिसिन असतं. तेच कोल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅम रोज, जुन्या हृदयरुग्णांना दिलं तेव्हा 2020 च्या एका चाचणीत धोका 31 टक्क्यांनी घटला. हे वाचून 'आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' म्हणत कुदळ घेऊन निघणारे आपल्यात कमी नाहीत. कळलावीचा कंद जीव घेतो. अर्धा मिलिग्रॅम आणि मूठभर कंद यांच्यात जे अंतर आहे, तेच औषध आणि विष यांच्यातलं. शिवाय झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन दिलेल्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, 2024 मध्ये, काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे प्रश्न अजून मिटलेला नाही आणि त्याची लाज कोणाला वाटत नाही.

बायकांचं तर आपण मोजतच नाही. 'हार्ट हा पुरुषांचा आजार' असं बायकाच सांगतात, मशेरी लावता लावता. त्यांना कधी कधी छातीत कळ येण्याऐवजी नुसता दम लागतो, मळमळतं, पाठ भरून येते. घरचे म्हणतात, काम टाळतेय. रिडकरांच्याच गटाने 27,939 निरोगी स्त्रियांचं एकदाच घेतलेलं रक्त तपासलं आणि त्यांच्यावर तीस वर्षं लक्ष ठेवलं. 2024 मध्ये निष्कर्ष आला: त्या एका नमुन्यातल्या एलडीएल, सीआरपी आणि लायपोप्रोटीन-ए या तीन आकड्यांत पुढच्या तीस वर्षांचा धोका दिसत होता.

मध्यंतरी भावाकडे गेलो. गोळी पुन्हा सुरू झालीय, तंबाखूची डबी खिशातून गेलीय, निदान माझ्यासमोर तरी. देठ परीक्षणाच्या फायलीतच त्याने स्वतःचे रिपोर्ट लावलेत. मला ते आवडलं. आकडे दाखवत होता, मागच्या वेळचे, या वेळचे. वहिनी चहा घेऊन आली. पंचेचाळिशीची बाई, सकाळपासून बागेत मजुरांबरोबर वाकलेली. कप ठेवता ठेवता तिने फाईल चाळली आणि विचारलं, "ह्याच्यात माझा कागद कुठेय?"

भावाने फाईल मिटली आणि मोटारसायकलची चावी शोधायला लागला.