स्वस्ताई आणि शेजारधर्म

ज्येष्ठ महिना जवळ आला की हल्ली अनेक दिंड्यांत एक प्रश्न निघतो. दिसायला तो व्यवहाराचा, पण आहे धर्माचा. दिंडीला टाळांचे दहा जोड हवेत, नवी ताडपत्री हवी, एक पखवाज हवा. तालुक्याच्या दुकानात जो भाव, त्याहून मोबाईलवर कमी, आणि माल घरपोच. मग दिंडीचालकाने काय करावे? पैसा त्याच्या एकट्याचा नाही, भिशी भरणाऱ्या माणसांचा आहे. आणि दुसऱ्याच्या पैशावर उदार होणे हे काही औदार्य नव्हे. बरे, जो दुकानदार वर्षानुवर्षे पंगतीला गुळाची ढेप देत आला, त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचे, हेही मनाला पटत नाही. दोन्ही बाजूंना काही खरे आहे, म्हणूनच हा प्रश्न अवघड.

आधी माल स्वस्त का मिळतो ते पाहू. फ्लिपकार्ट 2007 साली निघाली, ॲमेझॉनने आपला हिंदुस्थानातला बाजार 2013 साली उघडला, आणि 2018 साली अमेरिकेतल्या वॉलमार्टने सोळाशे कोटी डॉलर मोजून फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा घेतला. परदेशी भांडवलाच्या अशा कंपनीने स्वतःचा माल विकू नये, फक्त बाजार भरवावा, विकणारे वेगळे असावेत, असा आपल्या सरकारचा नियम आहे; 1 फेब्रुवारी 2019 पासून तो आणखी आवळला. आता या बाजारातली काही स्वस्ताई सरळ आहे. भर पेठेतल्या गाळ्याचे भाडे नाही, माल कारखान्यातून थेट येतो, हजारांनी उचलला जातो. ती हुशारीची कमाई. तिचा हेवा कशाला? पण काही स्वस्ताई निराळी असते. मोठे भांडवल असलेला वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतो, आणि लहान दुकानदाराला दोन महिन्यांचा तोटाही झेपत नाही. तिथे भाव कमी असतो तो माल स्वस्त पडतो म्हणून नव्हे. समोरचा दमावा म्हणून.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, गरिबाने चार पैसे वाचवले तर त्यात पाप कसले?" काहीच नाही. रोजगारावर जाणाऱ्या बाईने पोराचे दप्तर स्वस्त मिळेल तिथून घ्यावे, आणि तिला शेजारधर्म शिकवायला कोणी जाऊ नये. ज्याची ओंजळ लहान, त्याच्यावर गावची पेठ जगवण्याचा भार टाकणे हा अन्याय आहे. हा विचार ज्याला पन्नास रुपये जास्त गेल्याने रात्रीची झोप जात नाही, त्याच्यासाठी आहे. शिवाय मोबाईलवर विकणारे सगळेच काही धनदांडगे नसतात. सोलापूरचा एखादा चादरवाला त्याच वाटेने थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. माल घेऊन उन्हातान्हात दारी येणारा पोरगाही आपल्याच तालुक्याचा असतो.

आणि दुकानदार तरी सगळे साधू कुठे आहेत? काट्यात मारणारे आहेत, गिऱ्हाईक पाहून भाव सांगणारे आहेत. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी लावून बसलेल्याने, मोबाईलवाला माल परत घेतो म्हणून लोक तिकडे गेले, तर रडू नये. निष्ठा एका अंगाने मागता येत नाही. आपल्या तुकोबारायांचे घराणे वाणी-सावकारीचे होते, देहूला त्यांचे दुकान होते, हे आपण जाणतोच. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात धंदा बसला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी घरातल्या कर्जखतांची वाटणी केली, धाकट्या भावाची निम्मी त्याला दिली, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून ऐकतो, पण ती कुळांच्या बाजूनेही ऐकून पाहावी. दुष्काळात देणेकऱ्याची मान सोडणारा सावकार त्या गावात होता. दुकान म्हणजे नुसता काटा नव्हे, गावाचा ओळखीचा माणूस त्यामागे बसलेला असतो.

हे 2020 साली पुन्हा दिसले. मार्चअखेर देश बंद झाला, मजुरी थांबली, हातात रोकड नाही. तेव्हा कित्येक घरांत पीठमीठ आले ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या वहीवर नाव मांडून. मोबाईलवरही आता हप्त्याने माल मिळतो. पण त्या उधारीला पाऊसपाणी कळत नाही, आणि घरात मयत झाले म्हणून तारीख पुढे जात नाही.

एक गोष्ट मात्र मला वादाची वाटत नाही. पेठेतल्या दुकानात जायचे, दुकानदाराला चपलांचे दहा जोड काढायला लावायचे, कोणता चावतो, कोणता वारीत टिकेल हे त्याच्याकडून समजून घ्यायचे, नंबर पाहून ठेवायचा, आणि 'जरा घरी विचारून येतो' म्हणत बाहेर येऊन तोच जोड मोबाईलवर मागवायचा. स्वस्त घेणे हा आपला हक्क असेल. पण त्या माणसाचा अर्धा तास आणि त्याचे वीस वर्षांचे ज्ञान आपण फुकट नेले, त्याला काय म्हणाल? तेही चपलांच्या जोडासारखे त्याच्या दुकानातलेच होते. मोबाईलवरच घ्यायचे असेल तर सरळ तिथेच पाहून घ्यावे, त्याला उठवू नये.

आता पखवाजाचे घेऊ, कारण खरी गोम तिथे आहे. टाळ घेतला की दहा वर्षे पाहावे लागत नाही. पखवाज तसा नाही. त्याची वादी ढिली पडते, गठ्ठे ठोकून सूर चढवावा लागतो, धुमाला कणीक लावणे आपण करतो, पण शाई उडाली किंवा पुडी फाटली की कारागीरच लागतो. तो कारागीर नव्या पखवाजाच्या विक्रीवर जगतो. दुरुस्तीत त्याचे पोट भरत नाही. सगळ्या दिंड्यांनी नवा पखवाज लांबून मागवला आणि याच्याकडे फक्त फाटकी पुडी घेऊन गेल्या, तर तो किती वर्षे बसेल? त्याचा मुलगा ते काम शिकणारच नाही. तेव्हा पाचशे रुपये वाचवले असे आपण म्हणतो, ते खरोखर वाचलेले नसतात. पुढच्या पिढीच्या मृदंगवाद्याच्या खात्यावर आपण ते उधार मांडलेले असतात.

तुळशीच्या माळेचेही असेच. पंढरपुरात तुळशीचे मणी कातून माळा करणारी घरे आहेत, त्यांचे वर्ष यात्रांवर चालते. 2020 आणि 2021 च्या आषाढीला पादुका एस.टी.ने आल्या, पायी वारी झाली नाही, तेव्हा त्या घरांनी काय काढले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. इतर लाकडाचे मणी तुळशीचे म्हणून विकणारे मोबाईलवर आहेत, तसे यात्रेच्या गर्दीतही आहेत, हे कबूल करू. पण पंढरीत आपण मणी हातात घेऊन पाहू शकतो आणि करणाऱ्याला विचारू शकतो.

मग दिंडीचालकाने करावे काय? माझ्या मते त्याने परस्पर ठरवू नये. दोन्ही भाव भिशी भरणाऱ्यांपुढे ठेवावेत, आणि फरक किती व तो कोणाला जातो हे सांगावे. आपली माणसे ऐकून घेतात. ताडपत्री जिथे स्वस्त तिथे घ्या, असे ती म्हणतील, आणि त्यात काही बिघडत नाही; ताडपत्रीला कारागीर लागत नाही. पखवाजाला ती बहुधा दुकानच सांगतील. आणि ज्याला वरचे पैसे जड, त्याचा वाटा ज्याला जड नाही त्याने गुपचूप भरावा. दुकानदारालाही त्या भावाची बातमी द्यावी; तोही थोडा खाली येतो, असा अनुभव आहे.

पखवाज नवा असो की जुना, कारागिराकडे वैशाखातच न्यावा. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून अष्टमीला पालख्या निघतात, आणि त्याच्या आधीचे पंधरा दिवस त्याच्या दारात पखवाजांची रांग असते.