लगामाचे लोखंड

कीर्तनात इंद्रियांना घोड्याची उपमा देण्याची चाल फार जुनी आहे. कठोपनिषदातला रथाचा दृष्टांत तर वारकऱ्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. मनाचा लगाम आवळून धरा, असे आम्हीही गादीवर उभे राहून शेकडो वेळा सांगितले असेल. पण वाचकहो, सांगणाऱ्याने किंवा ऐकणाऱ्याने खऱ्या घोड्याचे तोंड उघडून कधी आत पाहिले आहे काय? लगाम आवळला म्हणजे आत कुठे काय रुतते? दृष्टांतातले घोडे ओरडत नाहीत. खरे घोडेही तोंड दुखले म्हणून कुत्र्यासारखे केकाटत नाहीत, आणि म्हणूनच ही गोष्ट इतकी वर्षे चालून गेली.

विषय निघण्याचे कारण असे. गेल्या वर्षी भीमाकाठच्या एका गावी सप्ताहाला गेलो असता रात्री कीर्तन उरकल्यावर एक तरुण माळकरी बिऱ्हाडी आला. त्याने हौसेने एक मारवाडी घोडी घेतली होती, चालीने रवाळ. बसला तो गप्पच. मग एकदम म्हणाला, "बुवा, मी माळ घातली, मटण सोडलं. आता मुक्या जनावराच्या जिभेवर लोखंड ठेवायचं आन् वर आपण बसून फिरायचं, हे पाप हाय का न्हाई, तेवढं सांगा."

शेजारी एक म्हातारेबाबा बसले होते. ते हसून म्हणाले, "अरं, बैलाला येसण घालतोस तवा न्हाई इचारलंस!"

हसण्यावारी गेले, पण प्रश्न खरा होता आणि म्हाताऱ्याची कोपरखळीही खरी होती. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही की बैल दोन रीतींनी धरता येतो. म्होरकीने धरला तर दाब तोंडावर बाहेरून पडतो. वेसणीने धरला तर दोरी नाकाच्या मांसातून जाते. घोड्याचेही तसेच. लोखंडाचा लगाम तोंडाच्या आत काम करतो. बिनलोखंडाचा लगाम म्हणजे सुधारलेली म्होरकीच. त्याचा दाब नाकाडावर, गालांवर किंवा हनुवटीखाली येतो. मग म्होरकी ती अहिंसा आणि लोखंड ती हिंसा, असा सरळ निवाडा देऊन मोकळे व्हावे, असे आम्हांलाही त्या रात्री वाटले होते. दिला नाही, कारण आमच्याच पदरी एक जुने ओझे आहे.

आमच्या वडिलांकडे एक घोडी होती. रानात जायला, पाहुण्यांकडे जायला तीच. तीही रवाळ. ज्यांनी ही चाल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा घोडा दुडकी धरतो तेव्हा समोरासमोरचे कोनाकोनातले दोन पाय जोडीने पडतात, आणि वर बसलेला माणूस हिसके खात उडतो. रवाळ घोड्याचे चारी पाय सुटे सुटे, एकामागून एक पडतात. पाठ जवळजवळ हलत नाही. डोळे मिटून ऐकले तर टापांचे चार ठोके टाळाच्या ठेक्यासारखे मोजता येतात. कोस दोन कोस जाऊनही कंबर दुखत नाही. अशा जनावराची ऐट माणसाच्या डोक्यात लवकर शिरते. आमच्याही शिरली.

आम्ही सोळा वर्षांचे असू. गावची जत्रा होती. मित्रांसमोर घोडीची चाल दाखवायची होती. कोणीतरी सांगितले होते की मान वर खेचून धरली म्हणजे चाल खुलते. आम्ही खेचली. खूप खेचली. घोडीने मान उंचावली, तोंड वासले, पावले झपझप टाकली. लोक वाहवा म्हणाले. घरी येऊन उतरलो तेव्हा तोंडाच्या फेसात लाली होती.

वडिलांनी शिवी दिली नाही. लगाम उतरवला, पाण्याने धुतला, आम्हांला ओट्यावर बसवले आणि ते लोखंड आमच्या नडगीच्या हाडावर आडवे ठेवून दोन्ही कड्या दोन हातांनी धरून खाली दाबल्या. फार नाही. आम्ही ओरडलो. ते म्हणाले, "तिला इथं लागतंय." एवढेच.

त्यांनी नडगी का निवडली ते पुढे कळले. घोड्याचे पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्याला मोकळी जागा असते. लोखंड बसते ते तिथे. त्या जागी हाडाला धार असते आणि वर हिरडीचा पातळ पापुद्रा, अगदी नडगीवरच्या कातडीसारखा. मांसाची गादी नाही. मध्ये जीभ येते म्हणून थोडा आडोसा होतो; पण मग जीभ चेंगरते. दोन तुकड्यांचे, मध्ये सांधा असलेले साधे लोखंड हाताच्या ओढीएवढेच ओढते. मात्र जोराने ओढले की सांध्यात मोडून जीभ आणि ओठांचे कोपरे चिमटीत धरते. लांब दांड्यांच्या लोखंडाची गोष्ट निराळी. ते तरफेसारखे चालते. हनुवटीखाली साखळी असते, आणि वर बसलेल्याने करंगळी हलवली तरी आत अनेक पटींनी जोर पोचतो. ज्याला ही तरफ समजते तो जपून करंगळीच हलवतो. ज्याला समजत नाही तो मुठीने ओढतो, जसे आम्ही ओढले.

आता रवाळ घोड्याच्या बाबतीत हा मोह इतरांपेक्षा जास्त का, ते पाहा. चाल दिसते, मिरवता येते, तिला किंमत येते. म्हणून ती अजून दिसावी असे वाटते. वास्तविक ही चाल घोडा जन्मतः घेऊन येतो. आइसलँड देशात तोल्ट नावाची अशीच चार ठोक्यांची चाल असलेले लहान चणीचे घोडे आहेत. २०१२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिले की अशा चालींचे बीज घोड्याच्या रक्तातल्या एका विशिष्ट जनुकात असते. शिक्षणाने ती घोटीव होते, हे खरे. पण जे आपण दिलेच नाही ते लोखंडाने पिळून काढण्याचा हट्ट कशाला? आणि पिळले तरी येत नाही. मान वर खेचली की पाठ खाली दबते, अंग ताठरते, आणि सुटे चार ठोके मोडून घोडा एका अंगाचे दोन्ही पाय एकदम फेकू लागतो, उंटासारखा. जत्रेत लोकांनी वाहवा केली ती बहुधा त्याच बिघडलेल्या चालीला. पाहणाऱ्यांना कुठे कळते!

त्याच आइसलँडमध्ये २०१२ साली स्पर्धेच्या घोड्यांची तोंडे पशुवैद्यांनी तपासली आणि २०१४ साली निष्कर्ष छापले. लांब दांड्यांच्या आणि मध्ये कमान असलेल्या एका लोखंडाने, ज्या जागेचे वर्णन वर केले नेमक्या त्याच जागी, जबड्याच्या धारेवर जखमा होत होत्या. गंमत पाहा, ती कमान 'जिभेला मोकळीक मिळावी' म्हणून काढलेली! जीभ बाजूला झाली आणि सगळा भार उघड्या हाडावर आला. दयेने केलेली सुधारणाच अशी उलटली. पुढे स्पर्धांतून ते लोखंड बंद झाले. अमेरिकेतल्या टेनेसी प्रांताच्या चालीच्या घोड्यांची कथा याहून वाईट. पाऊल उंच उचलावे म्हणून पायांना जळजळीत द्रव्ये चोपडण्याची रीत तिथे इतकी बोकाळली की १९७० साली ती बंद करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. तिकडचे कशाला, आपल्याकडेही वरातीच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम दिसतात. हे काटे आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी मना केलेले आहेत. वरातीत वऱ्हाडी नाचतात; नवरदेवाच्या मांडीखाली काय चालले आहे ते कोण पाहतो?

असो. त्या तरुणाने आमच्या उत्तराची वाट पाहिली नाही. गोष्ट ऐकून गेला आणि दुसऱ्याच दिवशी घोडीच्या तोंडातले लोखंड काढून टाकले. बिनलोखंडाचा एक लगाम मागवला. महिन्याभराने त्याचा फोन आला, आवाज उतरलेला. "बुवा, लोखंड काढलं, तर आता नाकावरचं केस गेलं. खाली कातडं लाल झालंय. तोंडापाशी हात नेला की मान झटकती."

चौकशी केली तेव्हा कळले, त्याने आणलेला लगाम बिनलोखंडाचा खरा, पण त्यालाही बाजूंना लांब दांडे होते. तीच तरफ, फक्त तोंडाऐवजी नाकाडावर. शिवाय पट्टा फार खाली बांधलेला. घोड्याचे नाकाड खाली खाली निमुळते होते, हाड पातळ होते आणि टोकाशी नुसते मऊ असते. आणखी एक गोष्ट कित्येकांना ठाऊक नसते. घोडा आपल्यासारखा तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. तिथे आवळले तर श्वासच अडतो. 'यात लोखंड नाही, हे दयेचे' अशा विश्वासाने तो बिचारा निर्धास्तपणे ओढत होता. अहिंसेचे नाव लावलेल्या वस्तूवर आपला हात जास्तच सैल सुटतो, हा आमचाही अनुभव आहे, घोड्याच्या बाहेरचाही.

यावर जाणती माणसे एक ठरलेले उत्तर देतात. लगाम कोणताही असो, सगळे हातावर आहे. हात हलका तर लोखंडही फूल, हात जड तर दोरीही सुरी. हे ऐकायला गोड आहे आणि पुष्कळसे खरेही आहे. तरी आम्हांला ते पटत नाही. आजवर ज्या ज्या माणसाला विचारले त्याने आपला हात हलकाच सांगितला. जड हाताचा स्वार आम्हांला अजून भेटावयाचा आहे. जत्रेच्या दिवशी आम्हांला विचारले असते तर आम्हीही हलकाच सांगितला असता. आणि इतर दिवशी तो हलका होताही. हात हा रोज एकच नसतो. उपाशी असतो तेव्हा वेगळा, घाबरलेला वेगळा, चार जण पाहत असताना वेगळा, घरी भांडून आलेला तर फारच वेगळा.

म्हणून त्या तरुणाला आम्ही जे कळवले ते असे. आपला हात चांगला असेल त्या दिवसाचा विचार करून लगाम निवडू नकोस. तुझा हात वाईट असेल त्या दिवशी तिच्या तोंडाचे किंवा नाकाचे कमीत कमी नुकसान कशाने होईल, ते पाहा. तरफेचे दांडे आधी काढ, लोखंडाचे असोत की बिनलोखंडाचे. साधी रुंद पट्ट्याची म्होरकी, दोन्ही बाजूंना कड्या, गालफडाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांवर पट्टा, आत दोन बोटे सहज जातील इतका सैल. त्यावर ती वाड्यात, मग शेताच्या बांधाने चालू दे. आणि मान खाली सोडू दे. चाल गेली तर जाऊ दे. तिची आहे, परत येईल.

त्याने उलट विचारले, "आन् रस्त्याला ट्रॅक्टर आला, बुजली, तर? समोर पोरगं आलं तर?" प्रश्न रास्त होता. घोड्यावर दया आणि रस्त्यातल्या लेकरावर नाही, हा कसला धर्म? पण घोडेवाले जाणतात की एकदा उधळलेले जनावर तोंडातल्या लोखंडाने थांबतेच असे नाही. दुखते म्हणून ते आणखी पळते. थांबते ते आधी शांतपणी घटवलेल्या सवयीने. ती सवय लागेपर्यंत रस्त्यावर बसून न्यायचे नाही, हातात धरून पायी न्यायचे. कुणाला तोंडात साधे गुळगुळीत लोखंड ठेवूनच धीर येत असेल, तर ठेवावे. पण शिकवण म्होरकीवर व्हावी आणि लोखंड आपले सैल पडून राहावे. आम्ही लोखंडाला अजूनही पाप म्हणत नाही. काही घोडे नाकावरच्या दाबापेक्षा तेच निवांत सोसतात. जनावर काय सांगते ते पाहावे लागते. तोंड वासणे, जीभ बाहेर टाकणे, मान झटकणे, शेपटी आपटणे, ही त्याची बोली आहे.

आणखी एक उपाय सांगितला, तो सुचला तो रिंगणावरून. माउलींच्या पालखीपुढे अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व चालतात, हे वाचकांना सांगावयास नको. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. चांदोबाच्या लिंबापाशी लाखोंच्या गर्दीतून तो रिकाम्या पाठीचा अश्व दौडतो, तेव्हा टापांची धूळ कपाळी लावताना आपले लक्ष दुसरीकडे असते. आम्ही मात्र त्या प्रश्नानंतर गेल्या आषाढात मुद्दाम पाहिले. वर लगाम ओढणारा हात नाही, आणि तरी पुढच्या सोबत्यामागे तो सरळ जातो. घोडा कळपाचा प्राणी आहे. सोबत धीराची असली की त्याला धीर येतो. तेव्हा तरुणाला म्हटले, गावात कोणाचा जुना, शांत, रस्त्याला सरावलेला घोडा असेल तर महिनाभर त्याच्या मागे मागे ने. कडक लगामाच्या किमतीत त्या घोड्याचा चारा होईल.

परवा आम्ही पुन्हा त्या गावी गेलो होतो. नाकाडावर केस आले आहेत, पण ते पांढरे आले आहेत. तेवढी खूण राहिली. घोडी आता तोंडाला हात लावू देते. बांधावरून तो तिला घेऊन आला तेव्हा मान खाली, कान सैल, आणि चार ठोके सुटे सुटे ऐकू येत होते. गावच्या यात्रेत मिरवणुकीला घोडी आण म्हणून पंचमंडळींनी आग्रह केला होता. ढोल, फटाके, सगळे होते. त्याने आणली नाही. म्हातारेबाबा अजून त्यावरून त्याला चिडवतात. तो मिरवणुकीत पायी चालला.