पोस्टकार्ड उघडंच असतं





आपली मुलं स्पितीला गेली होती, ती चंद्रताल न बघताच का परतली, असं बरेच जण विचारताहेत. ग्रुपवर उलटसुलट खूप लिहून झालं. कुणी मुलांचं कौतुक केलं, कुणी वाया गेलेल्या पैशांचा हिशोब मागितला. (हिशोब काकांनी कालच टाकलाय, वर जाऊन बघावा.) पण खरं काय झालं ते आम्ही सांगायचं टाळत होतो, कारण त्यात आमचीही चूक आहे.

जूनच्या शेवटी १५ ते १८ वयाची १४ मुलं-मुली, सोबत एक काका-काकू आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर असे सगळे चंदीगढहून निघाले. नारकंडा, मग सतलजच्या काठाने कल्पा. खाबला सतलज सोडून स्पिती नदीच्या बाजूने नाको, ताबो, काझा. मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल आणि खाली मनाली, असा बेत होता. कल्प्यानंतर झाडं विरळ होत जातात. पुढे नुसते राखाडी, तपकिरी डोंगर आणि खोल खाली नदी. मैलोन् मैल माणूस दिसत नाही आणि फोन तर लागतच नाही. घरी आम्ही सगळ्या आया दिवसातून वीस वेळा 'लास्ट सीन' बघत होतो.

अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेची सवय व्हायला शरीराला वेळ लागतो. तीन हजारांच्या पुढे रात्रीचा मुक्काम रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. कल्पा २,९६० मीटरवर, नाको ३,६६० च्या आसपास. म्हणून काकांनी कल्प्याला एक दिवस जास्तीचा धरला होता. तो आम्ही कापायला लावला. गुरुपौर्णिमा तोंडावर आलेली. मंडप, पाणी, वाढप मुलांशिवाय कोण करणार? गुरुसेवेपुढे आराम कसला, असं आमच्यातल्याच एकीनं लिहिलं आणि बाकीच्यांनी खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लावली. काका एकदा 'नको' म्हणाले, मग गप्प बसले.

मुलांमध्ये सगळ्यांत मोठा सतरा पूर्ण झालेला एक मुलगा. कबड्डी खेळणारा, दणकट. स्टेशनवर आम्ही प्रत्येकीनं त्याला सांगितलं होतं, "तू मोठा आहेस हं, सगळ्यांकडे लक्ष ठेव." नाकोला त्याचं डोकं दुखायला लागलं. रात्रभर झोप नाही. ताबोला जेवण जाईना. गोळी घेऊन तो सगळ्यांच्या बॅगा गाडीवर चढवत राहिला. ही विरळ हवा दणकट माणसाला सूट देत नाही. उलट तो दणकट आहे म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

काझाच्या वर, सुमारे ४,४०० मीटरवर, हिक्किम नावाचं गाव आहे. तिथे १९८३ पासून पोस्ट ऑफिस आहे आणि येणारा-जाणारा तिथून घरी पोस्टकार्ड टाकतो. आपली मुलंही ओळीनं लिहायला बसली. तिकिटं एका सोळा वर्षांच्या मुलीकडे होती. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे आपणच शिकवतो. पण पोस्टकार्ड उघडंच असतं, आणि तिनं वाचलं. त्यानं लिहिलं होतं: "आई, तीन दिवस डोकं फुटतंय. इथे कुणाला सांगितलं नाही. काळजी करू नकोस."

ते कार्ड घरी पोहोचायला तीन आठवडे लागणार होते.

तिनं त्याला काही विचारलं नाही. कार्ड नेऊन काकूंना दाखवलं. (आणि मग नीट तिकीट लावून पेटीत टाकलं, हेही तिचंच.) काकूंनी मुलाला एका रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायला सांगितलं. चार पावलांत तो कलला. हे लक्षण फार वाईट. मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते आणि तासातासाचा उशीर जिवावर बेततो. गाडी तडक काझाला, सरकारी दवाखान्यात. औषध, ऑक्सिजन, आणि उजाडताच खाली न्या, असा स्पष्ट आदेश. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर; म्हणजे तो रस्ता संपला. ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत जायचं.

गाडी एकच. काकांनी मुलांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं. दोघी रडल्या. एक मुलगा ताबोपर्यंत कुणाशी बोलला नाही. तो गेलं वर्षभर चंद्रतालचे फोटो जमवत होता. तेही समजून घ्यायला हवं. सिलिंडर मात्र पाळीपाळीनं सगळ्यांनी धरला, त्यानंसुद्धा. संध्याकाळी रिकाँग पिओला, २,३०० मीटरच्या आसपास उतरल्यावर, त्या मुलानं भात मागितला.

परत आल्यावर बालसंस्काराला पांडवांचं महाप्रस्थान निघालं. तेही उत्तरेलाच, हिमालयातूनच. द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. धर्मराज मागे वळून बघत नाहीत. एका लहानगीनं विचारलं, "पण त्यांनी 'थांबा' का नाही म्हटलं?" आम्हाला उत्तर सुचेना. कथेत पडण्याआधी कुणी काही बोललेलं नाही, हे खरंच आहे. भीम विचारतो, पण दुसरा पडल्यावर. पुढे तेच धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार होत नाहीत, आणि भाऊ नरकात आहेत कळल्यावर तिथेच थांबतो म्हणतात, एवढं आम्ही तिला सांगितलं. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही.

महाराजांसमोर बसलो की आम्ही काय बोलतो? "सगळं आपल्या कृपेनं छान आहे." घरात कितीही जळत असलं तरी. मनात आहे ते जसंच्या तसं पायांशी ठेवा, सजवू नका, असं ते किती वर्षं सांगताहेत. शरण जाणं म्हणजे आम्ही हार, नारळ आणि नमस्कार समजलो. दुखतंय ते दुखतंय म्हणणं हीसुद्धा शरणागती असते, हे आम्ही मुलांना दाखवलंच नाही. सोसून हसणं तेवढं दाखवलं. त्या मुलानं आमचंच उचललं. आणि ज्या सेवेसाठी आम्ही तो दिवस कापला, ती महाराजांनी मागितली नव्हती. आम्हाला उत्सव देखणा हवा होता.

गुरुपौर्णिमेला डॉक्टरांनी त्याला विश्रांती सांगितलेली, म्हणून तो खुर्चीवर बसून पत्रावळी मोजत होता. वाढायला आम्ही पन्नाशीच्या बायका. तिसऱ्या पंगतीला एक काकू "माझ्याच्यानं आता होत नाही" म्हणत बादली खाली ठेवून चक्क बसल्या. पूर्वी त्यांनी असं कधीच केलं नसतं.

पोस्टकार्ड त्यानंतर आठवड्यानं आलं, पावसानं शाई फुटलेली. सगळं माहीत असूनही त्याच्या आईनं ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. आता ते त्यांच्या फ्रिजवर लावलंय. मुलगा म्हणतो काढ. ती काढत नाही.