काच निवडताना

कॅमेऱ्यात फिल्म अजून घालू नका. रिकामा कॅमेरा मांडीवर घ्या, ५० मिलिमीटरची लेन्स लावा आणि तिचं छिद्र पूर्ण उघडं ठेवा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग सोडून डहाणू तालुक्यातल्या कासा गावातून आत वळलं की एखाद्या पाड्यावर बसायला सावली मिळते. परतीची गाडी पकडायची असेल तर हे आज नको.

आता डोळा लावा. दिसतंय ते समोरचं झाड नव्हे. लेन्समधून आलेला उजेड तिरक्या आरशावर आदळून वर गेला आणि एका दुधी काचेवर उमटला. त्या काचेवरचं चित्र वरच्या प्रिझमने सुलटं करून तुमच्यापुढे धरलंय. हीच फोकसिंग स्क्रीन. आरशावरून स्क्रीनपर्यंत जायला उजेडाला जेवढं अंतर पडतं, तेवढंच फिल्मपर्यंत पडेल, अशा बेताने कारखान्यात ती बसवलेली असते. काचेवर जे रेखीव ते फिल्मवर रेखीव, हा भरवसा त्या अंतरावर उभा आहे. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, काच अंधारात जाते आणि फोटोत तिचा मागमूसही राहत नाही.

मग ती निवडायला इतका विचार कशाला? उत्तर इतक्यात देऊ नका. बघत राहा.

बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या मधोमध एक छोटं वर्तुळ असतं आणि त्यात आडवी चीर. याला स्प्लिट म्हणतात. इकडे ताडाला तोटा नाही. एखाद्या ताडाच्या खोडावर ती चीर आणा. फोकस चुकला असेल तर खोड चिरेशी तुटून वरचा भाग एकीकडे, खालचा दुसरीकडे सरकलेला दिसेल. लेन्सचं कडं सावकाश फिरवा. खोड जुळलं की फोकस जुळला. आता तीच चीर भातखाचराच्या बांधावर न्या. काहीच तुटत नाही, कारण बांध आडवा आणि चीरही आडवी. कॅमेरा थोडा तिरका करून जुळवायचं आणि मग सरळ करायचं, एवढाच उपाय. चिरेभोवती रवाळ कडं असेल तर तेही पाहा. ते सूक्ष्म पिरॅमिडांचं असतं. फोकस नसताना चित्र तिथे थरथरतं, जुळलं की शांत होतं.

किती वेळ झाला? या सगळ्यात चौकटीच्या कोपऱ्यांत काय होतं, ते आठवतंय का?

मला स्प्लिटचा राग नाही. डोळ्यांची नजर अधू होऊ लागली की तिच्याइतका आधार कशाचा नाही. पण स्प्लिट नजर मध्यावर बांधून ठेवते. जुळलं की बोट आपोआप बटणावर जातं, आणि मग माणसं, देवळं, बैल, सगळे फोटोच्या बरोबर मधे येऊन बसतात.

आता पाड्यावरच्या एखाद्या घरात चला, अर्थात घरातल्या बाईंना विचारून. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेली भिंत, आत जेमतेम उजेड. इथे एफ ५.६ची झूम लावून पाहा. वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडेल. डोळा जरा हलवला तर काळोख दुसऱ्या अर्ध्यात जाईल. स्प्लिटच्या पाचरींना लेन्सच्या कडांकडून येणारा उजेड लागतो, आणि छोट्या छिद्राच्या लेन्सला तो देता येत नाही. जिथे मदतीची गरज जास्त, नेमकी तिथेच मधे एक काळी टिकली.

भिंतीवर गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक असेल तर तिथे बराच वेळ थांबा. मधे पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी. इथे मध्य आहे, आणि कडाही तितक्याच मोलाच्या आहेत. कॅमेरा भिंतीला जरासा तिरपा धरला तर स्प्लिट देवीपाशी जुळेल आणि एका बाजूची नक्षी धूसर होईल. स्प्लिट खोटं बोलत नाही, तिला मधलंच ठाऊक असतं. संपूर्ण दुधी, मधे काहीही नसलेली काच चारही कोपरे दाखवते. तिच्यावर आडव्याउभ्या रेघा असतील तर चौकटीची कड सरळ आहे की झुकली, तेही कळतं. याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं पाहिली असतील तर आठवा. जाळं कागदभर पसरलेलं. चीर तिथे कुठे ठेवणार?

आता मोजका व्यवहार. पेंटॅक्स के १००० किंवा कॅनन एई-१ असेल तर प्रश्न मिटला. त्यांची स्क्रीन वापरणाऱ्याने बदलण्यासाठी नाही. निकॉन एफएम २ आणि ऑलिंपस ओएम-१ची काच लेन्सच्या तोंडातून चिमट्याने निघते. निकॉन एफ ३मध्ये वरचा प्रिझम काढून ती बदलतात. निकॉनच्या अक्षरांत के म्हणजे स्प्लिट आणि रवाळ कडं, बी म्हणजे मुख्यतः दुधी, ई म्हणजे रेघांची. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे विचारून पाहावं. काचेला बोट लावायचं नाही, लेन्सचं द्रावण तर नाहीच. धूळ हवेच्या फुग्याने उडवायची. आणि एक हिशेब: एफएम २चा मीटर स्क्रीनवरचाच उजेड मोजतो, त्यामुळे जास्त उजळ काच बसवली तर तो फसू शकतो. एफ ३चा मीटर आरशाखाली असतो, त्याला काचेशी देणंघेणं नाही. उजळपणाच्या मोहात आणखी एक तोटा आहे. फार उजळ काच मोठ्या छिद्राचा धूसरपणा कमी करून दाखवते, म्हणजे फोकस चुकलेलाही चांगला वाटतो.

मी कासासाठी साधी दुधी काच घेईन आणि तिच्यासोबत एफ १.४ची लेन्स. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा सुळका महामार्गावरून टिपायचा असेल तर रेघांची.

शेवटचं रात्रीचं. भाताची कापणी उरकली की तारपा वाजतो. वाजवणारा मधे, आणि कमरेत हात गुंफून नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती फिरत राहते. रात्रीच्या उजेडात हलत्या माणसावर फोकस धरणं कोणत्याही काचेवर कठीण. एफ १.४ला तीन मीटरवर स्पष्ट पट्टा साधारण एका फुटाचा असतो. म्हणून माणसामागे धावू नका. रांग जिथून जाते तिथली दिव्याच्या उजेडातली एक जागा धरा, तिच्यावर एकदाच नीट फोकस करा आणि कडं सोडून द्या. दुधी काचेच्या कडेला पहिला खांदा दिसला की बोट तयार ठेवा. तो हुकला तरी मागे रांग आहेच, आणि वाजवणारा इतक्यात थांबणार नाही.