नव्या घराचा कठडा

घरबांधणीचा विषय निघाला की खडकावरचे घर आणि वाळूवरचे घर हा प्रभू येशूचा दाखला आपल्याला प्रथम आठवतो. परंतु अनुवादाच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायात, एखाद्या महापालिकेच्या नियमावलीत शोभावा असा एक साधा आदेश आहे. त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी तेथून पडल्यास त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. दोष पडणाऱ्याचा नाही, घराचा. पडणारा घरातला की परका, हेही तेथे विचारलेले नाही.

भविष्यातील वास्तुकला कशी असावी, याची चर्चा आज जगभर चालू आहे. झाडांनी मढवलेले मनोरे, पाण्यावर तरंगणारी नगरे यांची चित्रे पाहून आपण थक्क होतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात राहणाऱ्या आम्हांला मात्र हा प्रश्न त्या कठड्यापासूनच सुरू करावासा वाटतो.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत, वरचे मजले चढत असतानाच कोसळली. ७४ माणसे मेली. स्वस्तात डोके टेकायला जागा मिळाली म्हणून आलेली कुटुंबे त्या अर्ध्यामुर्ध्या इमारतीत राहत होती. पुढे डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींचे प्रकरण निघाले. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या त्या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. कागद पाहून, आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्यांवर हा घाला पडला. येथे न्याय कोणता आणि दया कोणती? लोक राहायला आले एवढ्याने बेकायदा बांधकाम कायदेशीर करावे, हे आम्हांला पटत नाही, कारण त्याच दयेच्या भरवशावर पुढची इमारत उभी राहते. पण फसवलेल्याला रस्त्यावर आणून फसवणाऱ्याच्या तिजोरीला हात लावायचा नाही, यालाही न्याय म्हणता येणार नाही. शास्त्राने कठड्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकली आहे, आसरा घेणाऱ्यावर नाही.

हे झाले जुन्या जातीचे धोके. नवे धोके अधिक फसवे आहेत, कारण त्यांत दोषी म्हणून एकाच माणसाकडे बोट दाखवता येत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीने काय केले, ते कल्याण-बदलापूरकर विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराच्या वर प्रवाशांना सोडवावे लागले. पाऊस पूर्वीही कोसळत असे. तथापि खाडीकाठची सखल जमीन, भातखाचरे आणि वालधुनीसारख्या नद्यांचे पात्र हीच पाण्याची विश्रांतीची जागा होती, आणि ती आपण भराव घालून विकत घेतली. त्याच वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० पासून उभे आहे.

उष्म्याचेही तसेच. आमच्या जुन्या कौलारू घरांत उंच छप्पर होते, पुढे ओटी, मागे पडवी होती. वारा एका दाराने येऊन दुसऱ्याने जात असे. आजच्या सदनिकेत तो येतच नाही, म्हणून आपण वातानुकूलन यंत्र बसवतो. हे यंत्र आतली उष्णता नाहीशी करीत नाही. ती बाहेर नेऊन टाकते आणि वर आपल्या मोटारीची भर घालते. बाहेर म्हणजे कोठे? बहुधा शेजारच्या चाळीच्या खिडकीसमोर. ज्याला यंत्र परवडत नाही, त्याच्या खोलीत आपला उन्हाळा आपण ढकलतो. आपला शेजारी कोण, हा शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्न इतक्या जवळून क्वचितच विचारला गेला असेल.

जागतिक संकट म्हणतात ते अशाच लहान ढकलाढकलीतून उभे राहिले आहे. जगाच्या कर्बवायूत एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. गच्चीवर सौर बंब बसवण्याची सक्ती आपल्या दोन्ही महापालिकांनी केली, हे योग्यच झाले (त्यांतले किती चालू आहेत, हा निराळा विषय). पण केवळ उपकरणांनी हे भागणारे नाही. 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी इमारतीच्या देखणेपणापेक्षा तेथे राहणाऱ्यांच्या जगण्याला आणि परस्परांतील मेळाला अधिक मोल दिले आहे.

असे घर कसे दिसेल, याचा एक नमुना आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. मूळच्या गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातले वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला 'आर्टिस्ट्स व्हिलेज' ही वसाहत रचली. दादरच्या पोर्तुगीज चर्चची सध्याची वास्तूही त्यांचीच. बेलापुरात त्यांनी सात-सात घरे एका अंगणाभोवती मांडली. लहान मिळकतीच्या आणि बऱ्या मिळकतीच्या कुटुंबांच्या भूखंडांत फारसा फरक ठेवला नाही. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, का, तर एकाने घर वाढवले तरी दुसऱ्याला त्रास होऊ नये. उकाड्याच्या देशात मोकळे आकाश हीदेखील घरातली एक खोलीच, अशी त्यांची धारणा होती. पुढे तेथली बरीच मूळ घरे पाडून बंगले बांधले गेले. अंगणे मात्र राहिली.

लाखोंच्या शहरात असे बैठे घर सर्वांना मिळणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आज आपल्या धर्मग्रामातील कितीतरी सोसायट्यांत पुनर्विकासाच्या सभा भरत आहेत. त्यांत चटईक्षेत्र किती वाढेल, कॉर्पस किती मिळेल, यावर तासन्‌तास वाद होतो. आपल्या आवारात पडलेला पाऊस कोठे जाईल, यंत्रांची धग कोणत्या बाजूला निघेल, मागच्या चाळीचा वारा अडेल काय, हे कोणी विचारल्याचे आम्ही फारसे ऐकलेले नाही. विचारले तर दोन मजले कमी होतील, हे खरे आहे. आणि आपला कॉर्पस बहुधा त्या दोन मजल्यांतच असतो, हेही खरे आहे.