उशीर कुणाला होतोय?

मुलगी जूनमध्ये ज्युनियर केजीत जाऊ लागली आणि मला माझ्याविषयी काही गोष्टी कळू लागल्या. त्या फारशा चांगल्या नाहीत.

सुरुवातीला ती फाटकाशी रडायची. शाळेतल्या मावशी तिला कडेवर घेऊन आत न्यायच्या. मला वाईट वाटायचं, हे खरं; पण त्याआधी आजूबाजूचं कोण बघतंय हे मी बघून घ्यायचो, हेही तितकंच खरं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा गळ्यात बाटली अडकवून निमूट आत जायचा. आपलीच का रडते? फार लाडावून ठेवलंय का? मग एके सकाळी ती रडली नाही. वळूनही न बघता आत गेली, आणि मी खट्टू झालो. मग तिचं रडू थांबावं असं मला वाटत होतं, ते नक्की कुणासाठी?

सकाळी उठवणं, दूध, वेणी, डबा हे सगळं बायको आणि आई बघतात. माझ्या वाट्याला बूट येतात. मुलीला ते स्वतः घालायचे असतात. डावा उजव्या पायात जातो. पट्टा चर्रकन उघडायचा आणि पुन्हा लावायचा, यात तिला फार गंमत वाटते. मी बूट तिच्या हातातून ओढून घेतो आणि म्हणतो, "चल, तुला उशीर होतोय." तिला? रात्री मोबाइल बघत जागतो मी, सकाळी उठत नाही मी, आणि बिल फाडतो चार वर्षांच्या पोरीच्या नावावर. वर तक्रारही माझीच, की हिला अजून स्वतःचं स्वतः काही करता येत नाही.

संध्याकाळचा प्रश्न ठरलेला: "आज काय शिकवलं?" उत्तरही ठरलेलं: "काही नाही." मग ती मैदानातल्या अळीचं, कुणाच्या तरी डब्यातल्या लाडवाचं सांगू लागते, तोवर माझं लक्ष उडालेलं असतं. मला हवं असतं एखादं अक्षर, एखादा आकडा. भरलेल्या फीची पोचपावती. पाहुणे आले की "काकांना पोएम म्हणून दाखव" सुरू होतं. ती आजीच्या मागं लपते आणि लाज मला वाटते.

मला यातलं काही ठाऊक नाही असं म्हणावं, तर तीही सोय नाही. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या आणि मुलाखती नकोत, असं यशपाल समितीनं 1993 मध्येच सांगितलं होतं, हे मी चारचौघांत आवर्जून ऐकवतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा वयाचा टप्पा पायाभूत मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला, हेही मला पाठ आहे. आणि याच मी प्रवेशाआधी मुलीकडून रंग आणि फळांची नावं घोकून घेतली. आता गिरवायची वही आणली आहे. बोटं दुखतात म्हणाली, तर "एवढी एकच ओळ" असं म्हणतो. तत्त्व दुसऱ्यांच्या मुलांना आणि वही आपल्या मुलीला, असाच हा हिशेब आहे ना?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बोर्डी-कोसबाडचं बालशिक्षणाचं काम मला फार थोर वाटतं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ती अंगणवाडी. गुरांमागं रानात जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवायची. महागडी साधनं नसली तर बिया, पानं, खडे हेच साहित्य. शाळा घरी मीही आणली. पण आणली ती तिची परीक्षा. खेळ शाळेतच राहिला. शिवाय आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी हिच्याच वयाची आहे, अंगणवाडीत जाते. ती तिथं काय करते, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही. इतिहासातली अंगणवाडी मला भावते, आणि मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत मी डोकावतसुद्धा नाही.

मग ही घाई येते कुठून? मी मराठी शाळेत शिकलो. कॉलेजात इंग्रजीतून बोलायची वेळ आली की वर्गात मागं बसायचो. ते मागं बसणं अजून गेलेलं नाही, असा मला संशय आहे. पाहुण्यांसमोर पोएम म्हणायला मी जिला पुढं ढकलतो, ती मुलगी आहे, की माझा राहून गेलेला हिशेब? बापाला लेकीच्या भवितव्याची काळजी असतेच. पण काळजी कुठं संपते आणि हौस कुठं सुरू होते, हे मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं मात्र दिसतं, की काळजी असती तर अळीची गोष्ट मी शेवटपर्यंत ऐकली असती.

हे सगळं समजूनही कालच मी तिला पुन्हा "काय शिकवलं?" असं विचारलं. सवय समजुतीला दाद देत नाही. तेव्हा मोठे संकल्प नकोत. ती वर्गात कितवी आहे, हे विचारायचा मला काही अधिकार नाही. सकाळी थोडं लवकर उठणं आणि तिचे बूट तिला घालू देणं, हे मात्र माझं काम आहे, आणि ते अजून व्हायचं आहे.